दाखला जातो, ओळख मागे राहते

चौथीचा निकाल लागला की मुलाच्या हाती शाळा सोडल्याचा दाखला पडतो. नाव, आईचे नाव, धर्म, जात, अंकी आणि अक्षरी जन्मतारीख, शाळा सोडण्याचे कारण असे सारे त्यावर नीट भरलेले असते. ‘प्रगती’ आणि ‘वर्तणूक’ असे दोन रकानेही असतात. त्यांत बहुधा एकेकच शब्द असतो, ‘चांगली’. चार वर्षे या मुलाला रोज पाहणाऱ्या गुरुजींना याहून कितीतरी जास्त ठाऊक असते. फळ्यापुढे उभे केले की घसा कोरडा पडणारा मुलगा शेजाऱ्याला तेच गणित झकास समजावतो, एखादी मुलगी मैत्रीण गैरहजर असली की दिवसभर तोंड उघडत नाही, कोणाला रागावलेले चालते आणि कोणाला मुळीच चालत नाही, हे सगळे त्यांच्या डोक्यात असते आणि तिथेच राहते. दाखल्यावर त्याला रकाना नाही. जूनमध्ये पाच-सात किलोमीटरवरच्या हायस्कुलात पाचवीच्या वर्गशिक्षकांपुढे ते मूल उभे राहते, तेव्हा त्याची जात त्यांना कळलेली असते, मूल कळलेले नसते.

शाळेत ‘रुळणे’ हे क्रियापद आपण मुलाबद्दल वापरतो. ते रुळले, ते रुळले नाही, ते बुजरे आहे, त्याचे मन लागत नाही. वाक्यात कर्ता मूल आहे, म्हणून जबाबदारीही त्याचीच असे आपण न बोलता धरून चालतो. मला हे उलटे वाटते. नव्या शाळेत मूल टिकेल की हळूहळू गळेल हे ठरवण्यात पहिल्या काही महिन्यांत तिथे त्याला ओळखणारी माणसे आहेत की नाहीत, याचा वाटा आपण समजतो त्यापेक्षा फार मोठा आहे आणि ती माणसे जोडून देणे हे शाळेचे काम आहे. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवी म्हणजे प्राथमिक असे ठरवले, तरी चौथीपर्यंत गावची शाळा आणि पाचवीपासून हायस्कूल ही जुनी घडी आपल्याकडे बऱ्याच भागांत कायम आहे. जिथे गावात सातवीपर्यंतची सोय आहे तिथे हीच वेळ आठवीत येते. त्या एका उन्हाळ्यात मुलाचे काय काय बदलते ते पाहा. दिवसभर एकच गुरुजी किंवा बाई असत, आता तासागणिक वेगळे सर आणि मॅडम. वीस-पंचवीस मुलांच्या शाळेत जो सर्वांत मोठा होता, परिपाठात पुढे उभा राहायचा, धाकट्यांना ओळीत बसवायचा, तो दोन महिन्यांत पाचशे मुलांमध्ये सर्वांत धाकटा होतो. पहिलीच्या मुलांसाठी आपण प्रवेशोत्सव करतो, फुगे लावतो, गुलाबाचे फूल देतो. अलीकडे शाळापूर्व तयारीचे मेळावे आणि मातांचे गट हा फार चांगला उपक्रमही रुजू लागला आहे. पाचवीतल्या मुलाच्या वाट्याला मात्र प्रवेशाचा अर्ज आणि वेळापत्रक एवढेच येते.

या बदलाला एवढे महत्त्व का द्यायचे? राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने, म्हणजे एनसीईआरटीने, २०२२ मध्ये देशभरातल्या ३ लाख ७९ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांना त्यांच्या मनःस्थितीबद्दल विचारले. मुले माध्यमिक टप्प्यावर जातात तसे शाळेबद्दलचे आणि स्वतःच्या आयुष्याबद्दलचे समाधान उतरते, असे त्यात दिसले. २८ टक्के मुलांनी वर्गात प्रश्न विचारायला संकोच वाटतो असे सांगितले. वय वाढते तसा स्वभाव बदलतो, त्याचा हा परिणाम असेल असे कोणी म्हणेल. वयाचा भाग आहेच. पण सगळा दोष वयाचा नाही, हे दाखवणारा एक प्रयोग अमेरिकेतल्या मॅडिसन शहरात झाला आणि तो मुद्दाम सांगण्यासारखा आहे. तिथेही सहावीत मुले नव्या, मोठ्या शाळेत जातात. शहरातल्या ११ शाळांमधल्या १,३०४ मुलांपैकी निम्म्यांना वर्षाच्या सुरुवातीला दोन छोटे लेखी पाठ दिले गेले. आदल्या वर्षीच्या मुलांचे अनुभव वाचायचे आणि त्यावर स्वतःचे लिहायचे, एवढेच. अनुभवांचा आशय साधा होता: सुरुवातीला सगळ्यांनाच परके वाटते, भीती वाटते, ते हळूहळू जाते, आणि इथली मोठी माणसे मदत करतात. बाकीच्या मुलांनी दुसऱ्याच विषयावर लिहिले. वर्षअखेरीस पहिल्या गटातली गैरहजेरी १२ टक्क्यांनी, नापास श्रेणी १८ टक्क्यांनी आणि शिस्तभंगाच्या नोंदी ३४ टक्क्यांनी कमी भरल्या. २०१९ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन्ही गटांतल्या मुलांचे वय तेच होते. ‘हे फक्त मलाच होत नाही’ एवढे कळल्याने फरक पडला.

अमेरिकेतले औषध इथे कसे लागू पडेल, हा आक्षेप रास्त आहे. त्याला धार आणणारा पुरावाही तिथलाच आहे. अशाच प्रकारचा पाठ पुढे २२ विद्यापीठांतल्या सुमारे २७ हजार विद्यार्थ्यांना देऊन पाहिला गेला आणि २०२३ मध्ये असे निघाले की जिथे त्या विद्यार्थ्यांना आपलेसे वाटावे अशी परिस्थिती खरोखर होती, तिथेच तो लागू पडला. जिथे ती नव्हती तिथे शब्द हवेत विरले. म्हणजे प्रार्थनेनंतर ‘घाबरू नका, आम्ही आहोत’ असे माइकवरून सांगून भागणारे नाही. मला तर हा दुसरा निष्कर्ष पहिल्याहून मोलाचा वाटतो. मुलाचे मन वळवण्याच्या युक्त्या आधी आणि शाळा बदलण्याचे काम सवडीने, असा क्रम लावणाऱ्यांना त्यात चोख उत्तर आहे.

शिक्षकांच्या खोलीत यावर एक वाक्य हमखास ऐकू येते: घरचेच वातावरण तसे, शाळा काय करणार? बापाचे व्यसन, आईची मजुरी, घरात अभ्यासाला जागा नाही, हे सगळे खरे आहे आणि मुलावर त्याचा भार पडतो हेही खरे. पण हे स्पष्टीकरण एका साध्या प्रश्नापाशी अडते. जे मूल मार्चमध्ये चौथीत हसत-खेळत होते आणि ऑगस्टमध्ये पाचवीत मागच्या बाकावर मान खाली घालून बसते, त्याचे घर मार्चमध्येही तेच होते. घर बदलले नाही, शाळा बदलली. मग जे बदलले तिथे कारण शोधायचे की जे बदललेच नाही तिथे?

शिवाय परकेपणा सगळ्यांच्या वाट्याला सारखा येत नाही. अर्थतज्ज्ञ कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या एका खेड्यात सहावी-सातवीच्या वयाच्या मुलांना कागदावरची भुलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. तथाकथित उच्च जातींतली ३२१ मुले होती आणि दलित जातींतलीही तितकीच. मुलांची जात उघड केली नव्हती तेव्हा दोन्हीकडची मुले सारखीच कोडी सोडवत होती. मग सहा-सहांच्या गटात नाव आणि जात मोठ्याने पुकारून तीच परीक्षा घेतली आणि दलित मुलांची कामगिरी ठळकपणे घसरली. कोडी तीच होती, बुद्धीही तीच होती. आपल्याला इथे न्याय मिळेल का, हा अविश्वास मध्ये आला असावा असे संशोधकांना पुढच्या प्रयोगांवरून वाटले. २००६ मध्ये छापलेला हा अभ्यास आपल्या प्रत्येक वर्गशिक्षकाने वाचावा असा आहे, कारण आपल्या शाळांत जात पुकारायला प्रयोगाची गरज पडत नाही. शिष्यवृत्तीच्या अर्जांसाठी ‘अमुक प्रवर्गाचे हात वर करा’ म्हटले की काम होते. मोफत गणवेश सरसकट सगळ्या मुलांना देण्याचे राज्याने ठरवले ते २०२३ मध्ये. तोवर मुली, अनुसूचित जाती-जमातींची आणि दारिद्र्यरेषेखालची मुले यांना तो मिळे, आणि वाटपाच्या दिवशी वर्गाची फाळणी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होई. गावच्या शाळेत जात ठाऊक नसते असे नाही, ती तर वाडी-वस्तीवरूनच कळते. पण तिथे मुलाची दुसरीही ओळख असते: हा चांगला पळतो, ही गाणे म्हणते. हायस्कुलाच्या पहिल्या आठवड्यात ही दुसरी ओळख पुसलेली असते आणि कागदावरची तेवढी उरते.

त्यात तुकड्यांची भर. अनेक हायस्कुलांत पाचवीची विभागणी चौथीच्या गुणांवर होते. ‘अ’ म्हणजे हुशार आणि ‘ड’ म्हणजे काय हे मुलांना कोणी सांगावे लागत नाही. एकाच वाडीवरून चालत आलेली तीन मुले तीन तुकड्यांत जातात आणि जी एकमेव माणसे एकमेकांना ओळखत होती ती मधल्या सुट्टीपुरती उरतात. यामागे कोणाचा दुष्टावा नसतो. यादी करायला हीच पद्धत सोपी, एवढेच कारण असते.

ज्या मुलांची घरची भाषाच वेगळी, त्यांची कथा आणखी अवघड. मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याकडे घरी कोरकू बोलली जाते. ही मुंडा कुळातली भाषा आहे, मराठीशी तिचे नाते नाही. तालुक्याच्या गावी आलेला कोरकू मुलगा गप्प राहतो, तेव्हा तो बुजरा असतो की दोन भाषांमध्ये शब्द शोधत असतो, हे ओळखायला निदान त्याची घरची भाषा कोणती हे शिक्षकाला माहीत हवे. ऊसतोड मजुरांच्या मुलांचे तर दरवर्षीच स्थलांतर. त्यांच्यासाठी शिक्षण हमी पत्रक आहे, म्हणजे मूल कोणत्या इयत्तेत काय शिकले याची नोंद त्याच्यासोबत जाते. कल्पना उत्तम आहे. पण इथेही प्रवास कागदाचाच होतो. कारखान्याजवळच्या शाळेत चार-पाच महिन्यांचा पाहुणा म्हणून बसलेल्या मुलाला खेळात घेणारे कोणी आहे का, हे त्या पत्रकाला कळत नाही. हंगामी वसतिगृहांमागचा विचार मला म्हणूनच जास्त पटतो. तिथल्या सोयींबद्दलच्या तक्रारी आहेत, पण मूल आपल्या गावात, आपल्या वर्गात, आपल्या सवंगड्यांत राहते.

आता सर्वांत लोकप्रिय आक्षेप: एवढे लाड कशाला? आम्ही चार मैल चालत जात होतो, छडी खात होतो, आम्ही रुळलोच ना? हे म्हणणारे खोटे बोलत नाहीत. फक्त हे कोण म्हणते आहे ते पाहायला हवे. जे रुळले तेच आज हे सांगायला व्यासपीठावर आहेत. त्यांच्याच वर्गातले जे सहावीत गुरे राखायला गेले, ज्या मुली सातवीनंतर घरी बसल्या, त्यांचे मत या चर्चेत कधी येतच नाही. मुलाला अडचणी सोसता आल्या पाहिजेत हे मान्य. अवघड गणित, लांबचा रस्ता, स्पर्धेतली हार यांनी मूल घट्ट होते, कारण या अडचणींशी झुंजताना पाठीशी कोणीतरी असते. एकटे पडणे ही अडचण त्या जातीची नाही. ती सोसण्याची ताकदच काढून घेते. आणि कायद्याच्या दृष्टीनेही हा लाडाचा विषय नाही. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २९ मुलाला भीती, आघात आणि चिंता यांपासून मुक्त ठेवण्याची अपेक्षा अभ्यासक्रम आणि मूल्यमापनाकडूनच करते. गंमत अशी की याच कायद्याने दाखला अडवून प्रवेश लांबवू नये याचीही काळजी घेतली आणि ती तरतूद मुख्याध्यापकांना तोंडपाठ असते. कलम २९ आठवणारे फार कमी.

शाळेने मुलाकडे सरकायचे, ही कल्पना आपल्याला परकी तरी कुठे आहे? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला काम केले. वारली मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी शाळा पाड्याच्या अंगणात नेली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी थेट कुरणात भरवली. मुलांनी बदलावे म्हणून त्या थांबल्या नाहीत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात वेगवेगळ्या जातींची मुले एका वसतिगृहात, एका पंगतीत आणली. गावाकडून आलेल्या पोराला शहरात शिकायचे तर आधी त्याच्याबरोबर जेवणारे कोणी हवे, हे त्यांना मानसशास्त्राची पुस्तके न चाळता कळले होते. त्या वसतिगृहांतून शिकून मोठी झालेली पिढी नंतर राज्याच्या कारभारात आली आणि तिने शाळांची संख्या वाढवली. पंगत मात्र मागे राहिली.

सोबतीचे मोल सायकलीच्या गोष्टीतून फार नेमके दिसते. बिहारने नववीतल्या मुलींना सायकली दिल्या. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांच्या २०१७ च्या अभ्यासानुसार माध्यमिक शाळेत योग्य वयात दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण त्यामुळे ३२ टक्क्यांनी वाढले आणि मुलामुलींमधली दरी ४० टक्क्यांनी घटली. त्यांनी नोंदवलेला एक मुद्दा मला कळीचा वाटतो: गावातल्या सगळ्या मुलींना एकदम सायकली मिळाल्या, त्यामुळे त्या घोळक्याने शाळेत जाऊ लागल्या, आणि ही सुरक्षितता सायकलीच्या किमतीत मोजता येणारी नव्हती. आपल्याकडे मुलींना एसटीचा मोफत पास आहे, मानव विकास कार्यक्रमाच्या गाड्या आहेत. त्या नसत्या तर हजारो मुली पाचवीलाच थांबल्या असत्या. पण ज्या शाळेत खेळ, स्नेहसंमेलनाच्या तालमी आणि विज्ञान प्रदर्शनाची तयारी सुटीनंतर होते, तिथे पाचची गाडी पकडणारी मुलगी या सगळ्यातून आपोआप वगळली जाते. शाळेच्या लेखी तिचा ‘सहभाग कमी’. मैत्री तासाला होत नाही, ती तासांच्या मधल्या फटींत होते, आणि या मुलींच्या दिवसात फटच ठेवलेली नाही.

एक आक्षेप मात्र मला गंभीर वाटतो आणि तो माझ्याच युक्तिवादातून निघतो. ओळख आणि सोबत एवढी महत्त्वाची, तर मग पाच-सात मुलांच्या गावशाळा कशाला चालवायच्या? तिथे खेळायला पुरेसा गट नाही, समवयस्क नाही, वादावादी करायलाही कोणी नाही. २० पेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूह शाळा करण्याचा प्रस्ताव २०२३ मध्ये आला, तेव्हा समर्थकांनी हाच मुद्दा मांडला होता आणि त्यात तथ्य आहे. चौथीत एकटीच मुलगी असलेली शाळा हे काही सुखाचे चित्र नव्हे. पण सोबत मिळावी म्हणून शाळा एकत्र करायच्या, तर योजनेत आधी सोबतीची आखणी हवी: कोणत्या वाडीची कोणती मुले एकत्र येतील, त्यांचे जुने शिक्षक सोबत जातील का, पहिल्या सत्रात धाकट्यांची काळजी कोण घेईल. चर्चा झाली ती मुख्यतः अंतर, वाहन, इमारत आणि खर्च यांची. सहा वर्षांच्या मुलाला डोंगरापलीकडच्या शाळेत नेऊन सोडायचे आणि ओळखीचे एकही माणूस त्याच्याबरोबर द्यायचे नाही, याला सोबत म्हणता येत नाही. समूहाचे समर्थन करणाऱ्यांनीच हे आधी मागायला हवे होते.

शिक्षकांवर आणखी किती लादणार, हा प्रश्न राहतो. जनगणना, मतदार याद्या, सर्वेक्षणे, रोज भरायची ऑनलाइन माहिती यांनी शिक्षक पिचले आहेत, यात वाद नाही. म्हणून नवे अभियान, नवे ॲप, नवा दिन साजरा करण्याची कल्पना कोणी काढली तर मी पहिला विरोध करीन. मला वाटते ते करण्याजोगे आहे आणि त्यातले बरेचसे वर्षातून एकदाच करायचे आहे. तुकड्या गुणांवर पाडू नयेत आणि प्रत्येक मुलाच्या तुकडीत त्याच्या जुन्या शाळेतले दोन-तीन जण तरी असावेत. यामुळे वाडीवाडीचे, पर्यायाने जातीजातीचे कंपू तयार होतील, ही भीती खोटी नाही. म्हणूनच दोन-तीन म्हणतो, अख्खी वाडी नव्हे, आणि दिवाळीनंतर बैठक बदलावी. पाचवी आणि सहावीला वर्गशिक्षक तोच ठेवावा, म्हणजे ओळख करून घेण्याची मेहनत एका वर्षात वाया जात नाही. आठवी-नववीतले त्याच वाटेवरचे मूल नव्याला सोबत म्हणून नेमून द्यावे, आणि नेमलेल्यालाही आपण कोणीतरी आहोत असे वाटावे. आणि चौथीच्या शिक्षकांनी प्रत्येक मुलाबद्दल अर्धे पान लिहून द्यावे: याला काय आवडते, हा कशाने मिटतो, याचे कोणाशी जमते. त्यात उणिवा लिहू नयेत, नाहीतर मूल पोचण्याआधी शिक्का पोचेल. हा धोका खराच आहे आणि तो टाळण्याचा दुसरा उपाय म्हणजे कागदच न करता दोन शिक्षकांनी अर्धा तास बोलणे.

अडते ते नेमके इथे. चौथीचे गुरुजी जिल्हा परिषदेचे, पाचवीचे सर बहुधा खासगी संस्थेच्या अनुदानित हायस्कुलाचे. एकांचे शिक्षणाधिकारी प्राथमिक, दुसऱ्यांचे माध्यमिक. केंद्राच्या शिक्षण परिषदेत एका बाजूचे लोक भेटतात, मुख्याध्यापक संघाच्या बैठकीत दुसऱ्या बाजूचे. पाचवीचा वर्ग कोणाकडे असावा यावर या दोन बाजूंत वर्षानुवर्षे ओढाताण चालू आहे, कारण पटावर संचमान्यता, म्हणजे शिक्षकांची मंजूर पदे, आणि संचमान्यतेवर नोकरी अवलंबून आहे. म्हणून दर उन्हाळ्यात हायस्कुलाचे शिक्षक मोटारसायकली काढून वाड्या-वस्त्या पालथ्या घालतात, मुले द्या म्हणून पालकांना विनवतात, कुठे वह्या तर कुठे दप्तर देऊ करतात. त्या उन्हात ते मुलाच्या ओट्यावर बसलेले असतात, मूल दाराआडून बघत असते. दाखला आणि आधार कार्डाची झेरॉक्स मिळाली की मंडळी पुढच्या घराकडे वळतात. मुलाला गेली चार वर्षे ओळखणारी बाई त्याच गावात, हाकेच्या अंतरावर असते.